रोमानिया : सलाजमधल्या एका लाकडी चर्चचं छप्पर गळतंय, मदत कशी गोळा करावी?

रानवाट

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त रोमानियात क्लुजला असतो. इथून वायव्येला सलाज जिल्हा लागतो. टेकड्याटेकड्यांवर विखुरलेली छोटी गावं, आणि बऱ्याच गावांत अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं ओकच्या ओंडक्यांचं चर्च. शेजारच्या मारामुरेश जिल्ह्याची आठ लाकडी चर्चं १९९९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. तिथं पर्यटक जातात, पाट्या लागतात, पैसाही पोचतो. सलाजच्या चर्चांच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही.

माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची आजी अशाच एका गावात राहते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, आत जुन्या मूर्तिचित्रांच्या पाट्या आहेत आणि कुलूप यथातथाच. चर्चची किल्ली याच आजीकडे असते. हातभर लांबीची लोखंडी किल्ली, दाराआड खिळ्याला टांगलेली.

अवस्था अशी : उत्तरेकडच्या उतारावरच्या लाकडी पट्ट्या शेवाळून कुजल्यात, वेदीच्या वर छपराला मोठं भगदाड आहे. पाऊस आला की पाणी थेट आतल्या कमानीच्या फळ्यांवर. प्रवेशाच्या खोलीत भिंतीवर शेवटच्या न्यायाचा देखावा रंगवलाय, त्यातल्या आगीच्या नदीवरून खऱ्या पाण्याचे ओघळ आलेत. आणि सगळ्यात खालची तुळई, जिच्यावर अख्खी भिंत उभी आहे, तिच्यात एका कोपऱ्याला चाकू मुठीपर्यंत शिरतो.

शेजारी नव्वदच्या दशकात बांधलेलं विटांचं मोठं चर्च आहे. रविवारची प्रार्थना तिथं होते. जुनं दार उघडतं ते वर्षातून एकदा, ८ नोव्हेंबरला, मिखाएल-गाब्रिएल देवदूतांच्या सणाला. तरुण मंडळी इटली-स्पेनला. मागे राहिलेले पेन्शनवर. पारिंते (इथं फादरना असंच म्हणतात) आणखी दोन गावं सांभाळतात.

आजीने मला सरळ विचारलं, तुम्ही कंपनीत आहात, काही करता येईल का? आता इथल्या जाणत्यांना विचारतो, सुरुवात कुठून करू?

काडेपेटी

यात विचारायचं काय? चार चांगले फोटो काढ, ऑनलाइन निधीचं पान बनव, लिंक इथं टाक. आठवड्यात पैसे उभे राहतील. मी पहिला.

पोटार्थी

प्रामाणिक प्रश्न, राग मानू नये. ज्या इमारतीत वर्षातून एकदा दार उघडतं, तिच्यावर पैसा का घालायचा? त्याच गावातल्या म्हाताऱ्यांना सरपण, औषधं द्या की. आणि आपल्याकडची देवळं पडतायत ती?

रानवाट

देवळांचा धागा काढा, तिथंही येतो.

सरपण आणि औषधांबद्दल : आजीला मी हेच विचारलं होतं. ती म्हणाली, सरपण आहे. नवरा, आई-बाप, सासू-सासरे सगळे त्या चर्चच्या भोवती पुरलेत, आणि छपराच्या पट्ट्या वाऱ्याने उडून त्यांच्या थडग्यांवर पडतात, त्या ती रोज वेचून चुलीत घालते. मदत कशाला हवी हे त्यांनी ठरवलंय, मी नाही.

सोनचाफा

रानवाट, मी सिबियूला असते, वास्तुरचनाकार आहे, जुन्या इमारतींच्याच कामात. काडेपेटी यांचा उत्साह छान आहे, पण कृपा करून निधीचं पान आत्ता काढू नका. पैसे जमतील आणि मग ते कुणाला द्यायचे हेच कळणार नाही. क्रमाने सांगते.

एक, मालक कोण? ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे रोमानियाच्या या आपल्या भागात, हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. इथली बरीच गावं १९४८ पर्यंत ग्रीक-कॅथलिक होती, म्हणजे पूजापद्धत पूर्वेची, पण निष्ठा रोमच्या पोपकडे. १९४८ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने त्या चर्चवर बंदी घातली आणि प्रार्थनास्थळं ऑर्थोडॉक्स चर्चकडे गेली. १९८९ नंतर बंदी उठली, पण कुठलं चर्च कुणाचं हे भांडण कितीतरी गावांत अजून मिटलेलं नाही. त्यामुळे आधी जमीन-नोंदवही, म्हणजे इथली 'कार्ते फुंचारा', तिचा उतारा काढा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळापासून ट्रान्सिल्व्हेनियात ही पद्धत आहे. जुनी नोंद अनेकदा बोलकी निघते.

दोन, ते चर्च ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आहे का पाहा. यादी जाहीर असते, 'अ' राष्ट्रीय महत्त्वाच्या आणि 'ब' स्थानिक महत्त्वाच्या वास्तू. यादीत असेल तर २००१ चा ४२२ क्रमांकाचा कायदा लागतो. मग सांस्कृतिक खात्याच्या मंजुरीशिवाय कुणी छपराला हात लावायचा नाही, आराखडा आणि काम दोन्ही खात्याकडून प्रमाणित माणसांनीच करायचं. तातडीचं, तात्पुरतं पाणी-अडवण काम असेल तर जिल्ह्याच्या संस्कृती कार्यालयात आधी जाऊन बोला. ताडपत्री टाकायलाही विचारा, त्यात कमीपणा नाही.

तीन, बिशपच्या कार्यालयाचं पत्र. पारिंते मनाने कितीही तयार असले तरी वरून पत्र आल्याशिवाय ते सही करू शकत नाहीत.

हे तीन कागद हातात आले की पैशाचा विषय.

काडेपेटी

तोवर चर्च पडेल ना ताई!

सोनचाफा

लाकडी चर्च असं एकाएकी पडत नाही. ओंडके एकमेकांत खाचा पाडून बसवलेले असतात, एक कोपरा खचला तरी बाकीचे तोलून धरतात. दगडी मनोऱ्यांचा मात्र भरवसा नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत रोआदेश आणि रोत्बाव या दोन गावांतल्या जुन्या सॅक्सन चर्चांचे मनोरे थोड्याच दिवसांच्या अंतराने कोसळले. तिथली जर्मनभाषक वस्ती १९९० च्या आसपास जर्मनीला निघून गेली आणि देखभाल करणारं फारसं कुणी उरलं नाही.

लाकडाचा शत्रू पाणी. म्हणून पैसा हाताशी नसताना करायची कामं आहेत ती करा : भिंतीलगतचं गवत-झुडपं काढा, जोत्याला टेकलेली माती खरवडून दूर करा. शेकडो वर्षांत थडग्यांची आणि पालापाचोळ्याची माती चढत चढत तुळईपर्यंत येते. पागोळ्या जिथं पडतात तिथून पाणी बाहेर जाईल असा उतार द्या. बहुतेक ठिकाणी खालची तुळई छपरामुळे नाही, या मातीमुळे आणि जमिनीवरून उडणाऱ्या शिंतोड्यांमुळे कुजते. फक्त खणताना थडग्यांची हद्द आजीलाच विचारा, आणि हातभरापेक्षा खोल जाऊ नका. जुन्या वास्तूभोवतीची जमीनसुद्धा संरक्षित असते.

शिंपला

एक व्यवहारी शंका. लाकडी पट्ट्यांपेक्षा पत्रा का नको? स्वस्त, टिकाऊ, एका आठवड्यात काम. पुढची तीस वर्षं बघायला नको.

सोनचाफा

ही शंका गावातही निघेल, निघायलाच हवी. पत्र्याने कितीतरी लाकडी चर्चं वाचलीत हे आधी मान्य करते. गेल्या शतकात जिथं सुतार उरले नव्हते तिथं लोकांनी पत्रा ठोकला आणि आतलं चित्र आज आपल्याला दिसतंय ते त्या पत्र्यामुळे. त्या लोकांना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही.

पण थेट रिपांवर पत्रा ठोकला आणि खाली हवा खेळायला जागा ठेवली नाही, तर थंडीत पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि ते वाशांवर ठिबकत राहतं. वरून सुकं दिसतं, आत वासा मऊ होतो. लाकडी पट्ट्यांचं छप्पर पावसात भिजतं आणि उन्हा-वाऱ्यात सुकतं, श्वास घेतं. दुसरं, पट्टी कुजली की तेवढीच बदलता येते.

पट्ट्यांतही भेद आहे. यंत्रावर कापलेली पट्टी लाकडाची नस आडवी तोडते, पाणी त्या तुटलेल्या नसांतून आत शिरतं. हाताने फाडलेली पट्टी नसेच्या रेषेनेच सुटते, पाणी वरून घरंगळतं. लांब पात्याचा सुरा ओंडक्याच्या डोक्यावर ठेवायचा, लाकडी मोगरीने ठोकायचा आणि मूठ पिळायची. चांगलं सरळ वाढलेलं फरचं झाड असेल तर पट्टी 'चर्र' आवाज करत अलगद उलगडते. गाठी असलेलं लाकूड इथं चालतच नाही. हे करणारे कारागीर आता थोडे उरलेत आणि त्यांचा हंगाम आधीच भरलेला असतो. पट्ट्यांची मागणी हिवाळ्यात नोंदवा, छप्पर उन्हाळ्यात.

क्लुजला हॉया जंगलाच्या कडेला वस्तुसंग्रहालयाचा उघडा विभाग आहे, १९२९ पासूनचा. तिथं आणलेली लाकडी चर्चं आहेत. जाऊन वळचणीखाली उभे राहून वर बघा. पट्ट्या किती थरांत बसवल्यात ते तिथं समजेल, माझ्या लिहिण्याने नाही.

पोटार्थी

मग हेही चर्च उचलून त्या संग्रहालयातच का नेत नाहीत? तिकडं निदान लोक बघतील.

सोनचाफा

नेता येतं. खिळ्यांवाचून जोडलेली इमारत सुटी करता येते. पूर्वी गावं अशी जुनी चर्चं एकमेकांना विकतसुद्धा, ओंडक्यांवर खुणा करून गाडीत घालून न्यायचे. पण आजीची माणसं तिथंच आहेत ना.

दक्षिणवारा

मी चिलीत होतो काही वर्षं, चिलोए बेटांजवळ. तिथली सोळा लाकडी चर्चं २००० साली युनेस्कोच्या यादीत आली. तिथं 'मिंगा' म्हणून प्रथा आहे, कुणाचं घर हलवायचं, छप्पर घालायचं तर सगळा गाव येतो आणि यजमान जेवण घालतो. दुरुस्तीची खरी अडचण पैसा नव्हे, लाकूड. जुन्या पट्ट्या आलेर्से नावाच्या झाडाच्या, आणि जिवंत आलेर्से तोडायला १९७६ पासून बंदी. लाकूड कुठून येणार हे आधी पक्कं करा एवढंच सांगायला आलो.

रानवाट

सगळ्यांचे आभार. सोनचाफाताईंच्या यादीप्रमाणे कामाला लागलो, त्याचा वृत्तांत.

उताऱ्यात मालक म्हणून अजून जुन्या ग्रीक-कॅथलिक पॅरिशचंच (म्हणजे गावातल्या चर्च-मंडळीचंच) नाव आहे. गावात त्या पंथाची मोजकी घरं उरलीत. म्हणजे वापर एकाचा, नोंद दुसऱ्याची. दोन्हीकडचे पारिंते एकमेकांशी बोलत नाहीत असं मला चार जणांनी सांगितलं. प्रत्यक्षात आजीने दोघांना एकाच दुपारी बोलावलं, किल्ली हातात दिली आणि म्हणाली, आधी आत जाऊन वर बघा, मग भांडा. दोघं भगदाडाखाली मान वर करून बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर ठरलं ते एवढंच : मालकीचा विषय या कामात काढायचा नाही, छपरासाठी अर्ज दोघांच्या सहीने जाईल. मालकी त्यांची ते बघतील.

चर्च 'ब' वर्गात आहे. संस्कृती कार्यालयातून माणूस येऊन पाहून गेला. भगदाडावर ताडपत्री टाकायला परवानगी मिळाली, अटींसह : नवे खिळे जुन्या वाशांत नाही, ताडपत्री पट्टीने दाबायची आणि खालून हवा जाईल अशी फुगवून ठेवायची.

गावच्या नगरपालिकेने (तीन-चार गावांची मिळून एक असते) सामूहिक जंगलातून लाकूड देण्याबद्दल सभेत ठराव घ्यायचं कबूल केलंय. दक्षिणवारा, तुमचा मुद्दा अगदी वेळेवर आला.

आता ताडपत्रीपुढचं विचारतो. क्लुजमध्ये आम्ही मराठी घरं बऱ्यापैकी आहोत. पैसे द्यायला लोक तयार आहेत, पण दरवेळी वर्गणी मागायला जीव नको होतो.

आकडेमोड

इथं मी कामाचा. रोमानियात पगारावर आयकर भरणारा कुणीही आपल्या वार्षिक आयकरातला ३.५ टक्के भाग संस्थेला किंवा पॅरिशला वळवू शकतो. फॉर्म २३०, मुदत २५ मे. खिशातून जास्तीचा एक बानही (इथलं सगळ्यात छोटं नाणं) जात नाही, सरकारकडे जाणाऱ्या करातलाच हिस्सा आहे. अट एकच : ती संस्था किंवा पॅरिश कर खात्याच्या नोंदवहीत असली पाहिजे. आधी ते तपासा.

हिशेब करून दाखवतो. महिन्याचा ढोबळ पगार १२,००० लेई (इथलं चलन) धरा. २५ टक्के पेन्शन आणि १० टक्के आरोग्य असे ३५ टक्के गेले, उरले ७,८००. त्यावर १० टक्के आयकर, ७८०. त्याचे ३.५ टक्के म्हणजे महिन्याला २७ लेई, वर्षाला सुमारे ३२८. एकाचे किरकोळ वाटतात. तीस जणांनी फॉर्म भरला तर जवळपास ९,८०० लेई, तेही दरवर्षी. आयटीवाल्यांना पूर्वी आयकरातून सूट होती, त्यामुळे त्यांच्याकडे वळवायला काही नसायचं. २०२५ पासून सूट गेली. निदान या एका बाबतीत तरी ती गेल्याचा उपयोग करून घ्या!

शिवाय कंपनीला नफ्यावरच्या करातून ठराविक मर्यादेपर्यंत प्रायोजकत्वाची रक्कम वजा मिळते. वर्ष संपायच्या आत, डिसेंबरमध्ये, हिशेबनीसाला गाठा. जानेवारीत तो ओळख दाखवणार नाही.

काडेपेटी

मी भारतात आहे, मी काय पाठवू?

रानवाट

सध्या काहीच नको, दादा. बाहेरून पैसा आला की गावकऱ्यांना वाटतं काम बाहेरच्यांचं. तुझा उत्साह राखून ठेव, चित्रांच्या कामाला लागेल.

सोनचाफा

बरं केलंत. आता 'आंबुलांत्सा पेंत्रु मोनुमेंते' यांना लिहा, म्हणजे वास्तूंची रुग्णवाहिका. यूजेन वाय्दा या वास्तुरचनाकाराने २०१६ मध्ये दक्षिण ट्रान्सिल्व्हेनियात सुरू केली, नंतर इतर भागांतही पसरली. २०२० मध्ये युरोपचा वारसा पुरस्कार आणि लोकांच्या मतांचाही पुरस्कार मिळाला. अवजारांनी भरलेली गाडी, अनुभवी कारागीर आणि स्वयंसेवक त्यांचे. साहित्य मालकाने किंवा नगरपालिकेने द्यायचं, राहणं-जेवण गावाने. ते पडझड थांबवतात, पूर्ण जीर्णोद्धार करत नाहीत. छप्पर, ताण, आधार. तुमच्या गरजेला नेमकं.

या पद्धतीची मला आवडणारी गोष्ट म्हणजे गावाला काहीतरी द्यावं लागतं. जिथं गावाने पलंग, भाकरी आणि लाकूड दिलंय तिथं पुढच्या वर्षी वळचण साफ करायला कुणीतरी शिडी लावतं. जिथं सगळं बाहेरून आलं तिथं फीत कापल्यावर दार बंद.

आणि चित्रांना कुणी हात लावायचा नाही! ओंडक्यांच्या फटींवर जाडसर कापडाच्या पट्ट्या चिकटवून त्यावर रंगकाम केलेलं असतं. ती पट्टी लोंबतेय म्हणून कुणी दाबली की रंगाची खपली हातात येते. छप्पर घालण्याआधी प्रमाणित चित्र-संरक्षक येऊन सुटत्या भागावर पातळ जपानी कागद चिकटवून ठेवेल. हा खर्च लोक विसरतात. काडेपेटी, तुमचे पैसे इथं.

मोठ्या कामासाठी राष्ट्रीय वारसा संस्थेचा 'तिंब्रु' निधी आहे, ऐतिहासिक वास्तूंच्या मुद्रांक-करातून जमणारा. त्याला अर्ज करता येतो, पण आराखडा तयार लागतो. तो पुढच्या वर्षीचा विषय.

शिंपला

मी बुखारेस्टला आहे, यायची फार इच्छा आहे. पण मला हातोडीसुद्धा धरता येत नाही. येऊन अडचण तर होणार नाही ना?

रानवाट

भरपूर कामं आहेत. छपरावर शिकलेलीच माणसं चढतील. खाली पट्ट्या निवडायच्या : ज्यांची कड चिरली त्या वेगळ्या, बाकीच्या लांबीप्रमाणे रचायच्या. त्या दोराने वर पोचवायच्या. जुन्या उतरवलेल्यांतून धड असलेल्या बाजूला काढायच्या, दक्षिणेकडच्या डागडुजीला लागतील. रोज कामाआधी-नंतर त्याच जागेवरून फोटो. स्वयंपाकघरात आजीच्या हाताखाली. आणि गवत. गवत संपत नाही.

तारखा : रुग्णवाहिकावाल्यांशी बोलणं झालंय, त्यांचं पक्कं उत्तर यायचंय. आमचा प्रस्ताव १ ते १४ ऑगस्टचा आहे. कारण १५ ऑगस्टला इथं मारियेचा मोठा सण, इटली-स्पेनची माणसं तेव्हाच गावी येतात. त्यांच्या डोळ्यांसमोर अर्धं नवं छप्पर असलं की उरलेल्या अर्ध्याची वर्गणी मागायला तोंड मिळेल. ती वर्गणी पारिंते नाही मागणार, आजी मागणार आहे. तिने नावांची यादीही केलीय, कुणाच्या मुलाने मिलानमध्ये दुसरी गाडी घेतली वगैरे तपशिलासह.

पोटार्थी

मला अजून पटलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो. पण फॉर्म २३० भरतो, माझ्या खिशातून जात नाहीयेत म्हणून.

आकडेमोड

तेच हवंय!

शिंपला

शेवटचा प्रश्न, हसू नका. मी शुद्ध शाकाहारी. खेड्यात चौदा दिवस काय खाऊ?

रानवाट

१ ते १४ ऑगस्ट इथला उपासाचा पंधरवडा असतो. त्या दिवसांत आजीच्या घरात मांस नाही, अंडी नाहीत, दूध-लोणी नाही. घोटलेल्या पांढऱ्या घेवड्यावर परतलेला कांदा, कोबीच्या पानांत भात नि आळिंबी, भाजलेल्या वांगी-मिरचीचं झाकुस्का. काळजी तुझी नाही, छपरावरच्या सुतारांची आहे. त्यांनी विचारलंय, सॉसेज कधी मिळणार. आजीने सांगितलंय, पंधरा तारखेला.